देवांगचा पत्ता

वेस्ट विंडसर, न्यू जर्सी
१६ मार्च २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फिजिओथेरपी मध्येच सोडू नकोस, मागच्या वेळी सोडलीस आणि महिनाभर जिना चढता येईना. इकडे बर्फ गेलं, आता नुसता चिखल. शंतनूची रिटायरमेंट जूनमध्ये नक्की झाली. पाडव्याला मंडळात पुरणपोळ्यांचं काम यंदा मी घेतलेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू काही विचारलंस की मी विषय बदलते. ते मला चांगलं जमतं.

फेब्रुवारीत मैत्रिणींबरोबर रिसॉर्टवर गेले होते, असं मी तुला सांगितलं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकला गेले होते, हे खरं. बरोबर मैत्रिणी नव्हत्या आणि रिसॉर्टही नव्हतं. विमानतळावर सगळे टुरिस्ट हॉटेलांच्या बसमध्ये चढले. मी शहरातून एक खटारा मिनीबस पकडून हातो मायोर नावाच्या प्रांतात गेले. बसमधल्या बायकांनी मला दोनदा विचारलं की मी चुकून तर चढले नाही ना. तिकडे कुणी जात नाही. हिरव्या टेकड्या, गुरं, संत्र्याच्या बागा आणि सगळीकडे कोकोची झाडं. कोकोच्या बिया आंबवून उन्हात वाळवतात, त्यामुळे हवेला व्हिनेगरसारखा वास. वीज दुपारी जाते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी मांस खात नाही म्हटल्यावर घरमालकीण दोन्या मेर्सेदेस (दोन्या म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’) फार दुःखी झाली, आणि मग चारही दिवस तिने मला राजम्यासारख्या बिया आणि भात वाढला. वर तळलेली केळी. रंगीत पत्र्यांची घरं आहेत, दारात प्लास्टिकच्या खुर्च्या. येणारा जाणारा थांबून चौकशी करतो.

मी किती लांबण लावते आहे ते माझं मलाच दिसतंय.

ताई, तुझा देवांग तिथे आहे. बरा आहे. जानेवारीत डेंग्यू झाला होता, बारीक झालाय, पण आता ताप नाही. कोकोच्या सहकारी संस्थेत बिया वाळवायचं आणि हिशेबाच्या वह्या लिहायचं काम करतो आणि दोन्या मेर्सेदेसकडेच राहतो. तो डॉक्टर आहे, हे त्या गावात कुणाला माहीत नव्हतं.

आता पुढचं. तो कुठे आहे हे मला फेब्रुवारीत कळलं नाही. भाऊजी गेल्यानंतर पाच महिन्यांनी त्याने मला फोन केला, तेव्हापासून माहीत आहे. जवळजवळ तीन वर्षं. दर रविवारी अकरा वाजता तो फोन करायचा. तुला त्याची दिवाळीला एका ओळीची ईमेल यायची, ‘मी ठीक आहे, शोधू नका.’ ती तू मला फोनवर वाचून दाखवायचीस आणि मी ‘अगं, निदान ठीक तरी आहे’ म्हणायचे. त्याच आठवड्यात मी त्याच्याशी तासभर बोललेली असायचे.

पहिल्यांदा त्याने सांगितलं होतं की आईला कळू देऊ नकोस. मी शब्द दिला. तेवढंच असतं तर मी आज तुझ्यापुढे थोडी ताठ उभी राहिले असते.

दोन वर्षांपूर्वी तू इथे आली होतीस. जायच्या दिवशी माझ्या किचनमध्ये तू मला एक बंद पाकीट दिलंस. त्याने कुणाशी बोलायचं ठरवलं तर तो तुझ्याशीच बोलेल, तेव्हा हे त्याला दे, असं म्हणालीस. तो तोपर्यंत वर्षभर माझ्याशी बोलत होता. मी पाकीट घेतलं आणि कपाटात माझ्या पासपोर्टखाली ठेवलं. त्याला सांगितलं नाही. शंतनूलाही नाही.

का, ते लिहायचं म्हणून सकाळपासून बसले आहे. लहानपणी तो उन्हाळ्यात माझ्याकडे यायचा आणि ऑगस्टमध्ये तू त्याला घेऊन जायचीस. गाडी वळली की मी घरात येऊन त्याच्या खोलीतली चादर चार-चार दिवस बदलायचे नाही. मला मूल नाही याबद्दल तू मला कधी काही बोलली नाहीस. पण तू त्याला न्यायचीस. त्या रविवारच्या फोनमध्ये तो पहिल्यांदा नुसता माझा होता. तुमचं जुळलं की तो फोन तुला येणार, हे मला ठाऊक होतं. बाकीची कारणं मी स्वतःला सांगितली, ती सगळी याच्यावर घातलेलं पांघरूण होतं.

जानेवारीत दोन रविवार फोन आला नाही. मी घाबरले आणि तिकीट काढलं. पासपोर्ट घेताना पाकीट हाताला लागलं. ते मी पर्समध्ये टाकलं. द्यायचंच असं ठरवलं होतं, असं म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या कामावर गेले होते. लाकडी फळ्यांवर बिया पसरलेल्या, पाच-सहा माणसं दाताळ्याने त्या उलटत होती. त्यांच्यातले एक म्हातारे, ज्यांना सगळे आदराने ‘दोन चुचो’ म्हणतात, एकदम खाली बसले आणि छातीवर हात ठेवला. घामाने निथळत होते. सगळे धावले. देवांग त्यांच्या सगळ्यात जवळ होता. त्याने हातातलं दाताळं खाली ठेवलं आणि तो उलट्या दिशेने झाडांत चालत गेला. पळाला नाही ताई, चालत गेला. म्हाताऱ्याला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. उन्हाने झालं होतं, संध्याकाळी ते घरी परत आले. पण तोवर आम्हाला ते माहीत नव्हतं.

देवांग मला ओढ्याच्या काठी सापडला. मग तो बोलला. भाऊजींनी त्या रात्री ॲसिडिटी आहे म्हटलं, त्याने पोट दाबून पाहिलं, गोळी दिली आणि झोपायला गेला. सकाळी उठला तोवर सगळं संपलं होतं. आणि अंत्यविधीला सगळ्यांसमोर तू म्हणालीस, ‘घरात डॉक्टर होता आणि माणूस गेला.’ हे त्याने मला पूर्वीही सांगितलं होतं. या वेळी पुढे विचारलं, “मावशी, डिड शी एव्हर आस्क? एकदा तरी?”

मी गप्प राहू शकले असते. तीन वर्षं राहिलेच होते. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड अगदी भाऊजींसारखं दिसत होतं. मी म्हटलं, “दर महिन्याला विचारते.” आणि पर्समधून पाकीट काढून दिलं.

त्याने वरची तारीख वाचली. मग पत्र उभ्यानेच वाचलं, दोनदा. तू त्यात काय लिहिलं होतंस मला माहीत नाही. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “टू इयर्स, मावशी.” एवढंच. आवाज चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्या मेर्सेदेसच्या भाच्याने मला मोटरसायकलवरून बसपर्यंत सोडलं. देवांगने पैसे देऊन त्याला सांगून ठेवलं होतं. स्वतः आला नाही. त्यानंतर चार रविवार गेले. फोन आला नाही.

त्याचा पत्ता आणि नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडते आहे. मोठ्या अक्षरात लिहिलाय. मला क्षमा कर असं लिहिणार होते, पण ते मागायचं तोंड नाही. तू जे ठरवशील ते मला चालेल. काहीच ठरवलं नाहीस तरी त्याला मात्र फोन कर.

तुझी,
विनीता


डब्लिन, ओहायो
२७ एप्रिल २०२५

विनीता,

पत्र मिळालं. पाच आठवडे मी त्याला उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते. त्यातला एक आठवडा मी इथे नव्हते.

फोन केला नाही. फोनवर तो बोलला नसता तर मग जायची माझी हिंमत झाली नसती. तिकीट काढलं, गुडघ्याला पट्टा बांधला आणि गेले. दोन्या मेर्सेदेसने मला दारात पाहिलं आणि न विचारता हात धरून आत नेलं. तो संध्याकाळी आला. मला बघून दारातच थांबला. मग म्हणाला, “आई, तू जेवलीस का?” त्याचं मराठी अजून तसंच आहे, शाळेतल्या मुलासारखं.

पाकिटात काय होतं ते तुला कळायला हवं. ह्यांच्या छातीत तीन आठवडे दुखत होतं. जिना चढताना हातही दुखायचा. डॉक्टरांनी टेस्ट लावली होती, ती ह्यांनी कॅन्सल केली, कारण देवांग सुट्टीला घरी येणार होता. त्याला कळू द्यायचं नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. त्या रात्री देवांगने विचारलं, ‘बाबा, पहिल्यांदाच दुखतंय का?’ ह्यांनी हो म्हटलं. मी तिथेच उभी होते. मीही हो म्हटलं. आणि चौथ्या दिवशी चारचौघांत मी त्याला ते बोलले, कारण माझं मला सोसत नव्हतं.

हे मी त्याला लिहिलं होतं. ते वाचलं असतं तर तो दोन वर्षं आधी मोकळा झाला असता. ती दोन वर्षं तो स्वतःला बापाचा मारेकरी समजून बिया उलटत होता.

आधी मी खोटं बोलले, तेव्हा तुला शिव्या देण्याचा हक्क मला किती आहे हे मी विमानात बसून मोजत होते. तुझं कारण मी वाचलं. चादरीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी कदाचित त्याला ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुझ्याकडे ठेवलं असतं. पण म्हणून मला तुझा राग कमी येतो असं नाही.

त्याला मी विचारलं, पाकीट मिळाल्यावर महिनाभर फोन का केला नाहीस. तो म्हणाला, दोन वर्षं उत्तर आलं नाही म्हणून आईने आशा सोडली असेल असं वाटलं. आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत होतो, विनीता, आणि ते फक्त तुला माहीत होतं.

तो परत येणार आहे की नाही, ते मी विचारलं नाही. सध्या तिथेच आहे. मी जूनमध्ये पुन्हा जाणार आहे. तू बरोबर येऊ नकोस.

एकदा त्याने तुझ्याबद्दल विचारलं. मावशी कशी आहे, इतकंच. मी सांगितलं, तिलाच विचार. तुझा निरोप मी त्याच्याकडे नेणार नाही आणि त्याचा तुझ्याकडे आणणार नाही. पण अडवणारही नाही.

शंतनूला नमस्कार सांग. पत्राखाली ‘ताई’ लिहायला हात वळत नाही. पुढे कधी वळेल की नाही, आज सांगता येत नाही.

आसावरी