एक मिलिमीटर जास्त

प्रिय अर्गिरी,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो दहा वर्षं दुखतोच आहे. वर्कशॉप बंद केल्यापासून सकाळची कॉफी संपली की पुढे काय करायचं, एवढाच काय तो प्रश्न असतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात तुमच्या मोटारशर्यतीच्या क्लबनं, आक्षेप आलेल्या त्या मुलीची गाडी उघडून मोजमाप घ्यायला बोलावलं, तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हटलं. चौकशी समितीचा अध्यक्ष तू आणि मोजणारी तुझी सख्खी बहीण, हे कुणाला खटकलं नाही. तुमचा सेक्रेटरी म्हणाला, "कोझानीत टर्बो इंजिन उघडून परत नीट बंद करणारं दुसरं उरलंय कोण?" तसे चार जण उरलेत, पण ते सगळे कुणा ना कुणाची शर्यतीची गाडी तयार करतात.

गाडी उघडली तेव्हा मिर्सिनी शेजारीच उभी होती. तिच्या बापाच्या बेकरीतून तुम्ही गोड बुगात्सा नेता ना, तीच मुलगी. केसांना पीठ तसंच. मी इंजिनाच्या झाकणाचे बोल्ट सोडवले, तर खालचं रबरी गॅस्केट दगडासारखं कडक झालेलं, तुकड्यातुकड्यानं निघालं. म्हणजे वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. खाली व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट, दोन्ही बाहेरून आणून घातलेले. कंपनीचा शिक्का नाही, दुसराच कुठला तरी नंबर कोरलेला. मापयंत्राचा काटा लावून फिरवला, तर व्हॉल्व्ह कंपनीच्या मापापेक्षा एक मिलिमीटर आणि थोडा जास्त उघडतो. तुमच्या वर्गात इंजिनाच्या आत काहीही बदलायला परवानगी नाही, तेव्हा तिचा निकाल रद्द झाला हे बरोबरच झालं. तिनंही त्यावर वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "बाई, मी गाडी घेतली तेव्हापासून हे झाकण उघडलेलंसुद्धा नाही. मला वाटलं, गाडीच चांगली निघाली." मग माझं सामान पुसून द्यायला लागली. मी नको म्हटलं, तरी पुसलंच.

प्रश्न दोन वर्षांच्या बंदीचा आहे. बंदी मुद्दाम फसवणाऱ्याला असते, आणि तिला माहीत होतं की नाही हे गुरुवारी तुम्ही तिघं ठरवणार. तुझं तर आधीच ठरलंय. क्लबात सगळ्यांदेखत तू म्हणालास, "चालवणाऱ्याला कळत नाही म्हणजे काय? डोक्याला नाही कळलं तरी बुडाला कळतं. मला तर पहिल्या वळणाच्या आत कळलं असतं." लोक हसले. मीही मागच्या रांगेत होते, मीही थोडी हसले. मग घरी आले आणि जेवण गेलं नाही. ती पोर तेवीस वर्षांची आहे, बेकरीत पहाटेपासून उभी राहते आणि वर्षातून सात रविवार गाडी चालवते. दोन वर्षांनी ती परत यायची नाही. तुलाही हे ठाऊक आहे.

आपल्या त्या ऑक्टोबरची मला हल्ली फार आठवण येते. चोवीस वर्षं झाली. केशराची फुलं निवडायचे दिवस, स्वयंपाकघरात टेबलावर जांभळा ढीग आणि भोवती आई नि तिच्या तीन मैत्रिणी, बोटं पिवळी झालेली. तू घाटाच्या शर्यतीला निघालास की आई तुझा फोन येईपर्यंत संत निकोलाओसच्या तसबिरीपुढची वात विझू द्यायची नाही. तू तिला देवळात शब्द दिला होतास, एकदा चषक मिळू दे, मग गाडी विकतो. चार वर्षं तू दुसरा, तिसरा, पाचवा, परत दुसरा येत होतास. चार वर्षं आई जेवत नव्हती त्या दिवशी. मला तुझा राग यायचा. तुझ्या चालवण्याचा नव्हे, ते तुला येत होतं. तू शब्द असा दिला होतास की तो पाळायची वेळच येऊ नये, याचा राग.

त्या वर्षी तू जिंकलास. सकाळी कडक गारठा होता, आणि टर्बोला गार हवा मानवते हे तूच वर थांबलेल्या प्रत्येकाला ऐकवत होतास. "आज काय ओढत होती, वान्था! शेवटच्या सरळ रस्त्यावर नुसती पळत होती." सव्वा सेकंदानं जिंकलास. मग व्हेरियाहून आलेला तो लाल गाडीवाला कुरकुरला की इंजिनात काहीतरी आहे, आणि तू सगळ्यांसमोर गरम बॉनेटवर हात ठेवून पोरांची शपथ घेतलीस. "उघडा, आत्ता उघडा. वान्था, पाना आण." मी पाना घेऊन उभी होते. तपासनीसानं एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाला की अर्गिरी शपथ घेतोय म्हणजे झालं, चला जेवायला. त्याला वाटलं असेल, बीन्सचं सूप गार होईल. मी पाना परत पेटीत ठेवला. पेटीचं झाकण लावता लावता मला रडू फुटलं, आणि तू मला म्हणालास, "वेडी, तू का रडतेस, जिंकलोय ना."

शब्द काही तू पाळला नाहीस. एकदाच जिंकलो तर लोक नशीब म्हणतील, असं म्हणालास. पुढच्या वर्षी नववा आलास. त्या रात्रीचं तुझं तोंड मी विसरले नाही. टायरला नावं ठेवलीस, रस्त्याला नावं ठेवलीस, मला ठेवलीस, आणि मग नुसता म्हणालास की पाय जड झाला, वय झालं. एकतीस वर्षांचा होतास. वसंतात गाडी विकलीस, आईनं देवळात मेणबत्ती लावली. तेव्हापासून तू शर्यतीत उतरला नाहीस, फक्त दुसऱ्यांच्या शर्यतींवर बोलतोस. चांगलंच बोलतोस म्हणा.

आता कॅमशाफ्टबद्दल थोडं. तुला माहीत आहे असं तुला वाटतं, पण तू चालवणारा, उघडणारी मी. नुसता मोठा कॅमशाफ्ट घातला तर टर्बो गाडी उलट मंदावते. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त वेळ उघडे राहिले की दाबून भरलेली हवा तशीच मागून निघून जाते. इंजिन जागच्या जागी अडखळायला लागतं आणि शेंबड्या पोरालाही कळतं. पण जाणत्या माणसानं अगदी थोडा मोठा निवडला, मिलिमीटरभर, तर सुरू केल्यावर आवाज तोच, खालची ओढ तीच. फक्त वरच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन जोरात फिरायला लागलं की, गाडी जास्त पळते. आणि टर्बो गाडी तशीही वरच्या फेऱ्यांतच जागी होते, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं की आज टर्बोला सूर सापडला, हवा गार आहे, माझा हात बसलाय. माणूस स्वतःवर खूश होतो. झाकण उघडून बघायचं त्याच्या मनात येत नाही.

तुझ्याही मनात आलं नाही. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मी तुला म्हटलं होतं ना की वरच्या गॅस्केटमधून ऑइल गळतंय, बदलून देते? ते गळत नव्हतं. कॅमशाफ्ट मी थेस्सालोनिकीच्या एका दुकानातून मागवले होते. आईनं माझ्या लग्नासाठी पेटी भरून ठेवली होती, तिच्यात चादरींच्या मध्ये ते महिनाभर पडून होते. त्या पेटीतली उपयोगाला आलेली तेवढी एकच वस्तू. शुक्रवारी दुपारी बेल्ट काढला, कॅमशाफ्ट धरून ठेवणाऱ्या कॅप एकेक करून ओळीनं मांडल्या, जुने काढले, नवे बसवले, खुणा जुळवल्या, इंजिन हातानं दोनदा फिरवून पाहिलं, कुठे अडत नाही ना. शनिवारी संध्याकाळी तू गाडी सुरू केलीस आणि म्हणालास, "गॅस्केट बदललं तर आवाजसुद्धा सुधारला." मला वाटलं होतं, जिंकेल आणि सोडेल, आई जेवेल. त्यानंतर हिवाळ्यात मी ते परत काढले, कारण तू शपथ घेतल्यापासून मला त्या गाडीकडे बघवत नव्हतं. नववा तू त्यामुळे आलास. सगळंच त्यामुळे नाही. गाडी ओढत नाही म्हटल्यावर तू चिडून वळणं घेत होतास. पण तुझा पाय जड झाला नव्हता. ते मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही. तेवीस वर्षं तू स्वतःला म्हातारा समजलास, त्याची मला लाज वाटते.

क्लबनं मला दिलेल्या कागदावर फक्त आकडे लिहायला जागा आहे, ते मी लिहिले आहेत. दुसरा एक कागद मी माझा माझा लिहिला आहे, आपल्या गाडीबद्दल, तारीख आणि सहीसकट. मिर्सिनीला माहीत होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण चालवणाऱ्याला कळतंच, हे खरं नाही, आणि ते सिद्ध करणारा माणूस अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेला असेल. मी गुरुवारी येणार आहे. तू खोटी शपथ घेतली नव्हतीस, हेही मी सगळ्यांसमोर सांगेन, चषक परत द्यायचा तर माझ्या नावानं द्या म्हणेन. पण लोकांच्या आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र दुपारच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. माझ्यावर रागवायला तुला दोन दिवस मिळतील. सुनावणी सुरू झाल्यावर तू स्वतः उठून हे सांगितलंस, तर मी माझा कागद बाहेर काढणार नाही. अकरा वाजेपर्यंत वाट बघेन, मग मीच उठेन.

तुझीच, तू बोलायचं टाकलंस तरी तुझीच,
वान्था