आमच्या गच्चीवरची बाई

सोमवार, संध्याकाळ

आले एकदाची. घरापासून रस्त्याने वळसा घालून चालत बारा मिनिटं, तरी सुनेने गाडी केली. बॅगेला चाकं कशासाठी असतात कोण जाणे.

सात दिवसांचं विश्रांती-शिबिर आहे. लेकाने आधी पैसे भरले आणि मग मला सांगितलं. म्हणाला, आई, तू कधी बसतच नाहीस. मी बसले तर घर आपोआप उभं राहील का, हे विचारायचं राहून गेलं. पैसे परत मिळत नाहीत म्हणे. तेव्हा आलेच आहे, तर आनंदाने राहीन.

जागा खरंच छान आहे. दुसऱ्या मजल्यावर लांब खोली, गुळगुळीत लाकडी जमीन, बारा चटया. मागच्या खिडकीतून, अगदी हाकेच्या अंतरावर, आमची गच्ची दिसते: कपड्यांच्या दोऱ्या, निळी टाकी, आणि खाली स्वयंपाकघराची खिडकी, जिथे माझे देव आहेत. दिवा लावायचं सुनेला बजावून आले होते. लावला, पण उशिरा. इथूनच हात जोडले.

शिकवणारीला सगळ्या ताई म्हणतात. वयाने माझ्या लेकीसारखी. शेजारच्या चटईवर एक शिवणवाली आहे, पस्तीस वर्षं मशीनवर बसलेली. तिची जीभ कात्रीच्या वरताण. म्हणाली, घरच्यांनी आपल्याला धुवायला टाकलंय, आता इस्त्री होऊनच परत जाऊ. खूप हसलो.

मंगळवार

आजचा व्यायाम वेगळाच होता. जी कामं शरीराने जन्मभर केली, ती हातात काही न घेता, सावकाश करून दाखवायची. एकदा दाखवली की अंगातून सुटतात, असं ताईचं म्हणणं. ती प्रत्येकीच्या मागे उभी राहून तेच करत होती, अगदी सावलीसारखी.

शिवणवालीने सुईत दोरा ओवला. मी केर काढला, कणीक मळली, कपडे पिळून, झटकून, चिमटा दातात धरून वाळत घातले. पहाटे दाराची कडी काढते तेही दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी टाळी दिली नव्हती. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

ताई म्हणाली, पूजाही दाखवा. मी म्हटलं, ते माझं आणि देवाचं आहे. ती हसली. घाई नाही, म्हणाली.

बुधवार

शिवणवालीच्या कुडत्याचं बटण तुटलं. मी पिशवीतून सुईदोरा दिला. तिला ओवता येईना. नजरेचा प्रश्न नव्हता, परक्याचं तान्हं पोर धरावं तशी सुई धरली होती तिने. आणि म्हणते काय, बरं झालं, सुटले. मला असा राग आला. पस्तीस वर्षं ज्यावर पोट भरलं ते गेलं, आणि ही हसते. सुई तिच्या हातातून ओढून बटण मीच लावलं.

मग रुमाल धुतला. पिळता येईना. दोन्ही हात ओल्या कापडावर नुसते ठेवलेले.

दुपारी आमच्या गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. सून नव्हे, सून उंच आहे. अंगावर माझी हिरवी साडी. चिमटा दातात.

संध्याकाळी दिवा लागला नाही.

गुरुवार

आज तिने तोंड इकडे वळवलं. माझं तोंड.

लेक गच्चीवर आला, तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. आई कंटाळून लवकर परतली, एवढंच वाटलं असेल त्याला. नऊ महिने पोटात वाढवलं, आणि याला ओळख पटायला हिरवी साडी पुरते. सुनेने तर तिला खुर्ची आणून दिली. मला कधी खुर्ची दिली होती?

जिवाच्या आकांताने हाक मारली. लेकाने वर पाहिलं आणि हात हलवला, कुणाही अनोळखी बाईला हलवावा तसा.

ताईला सांगितलं, मी निघाले. ती म्हणाली, जा की, साधी कडी आहे. अर्धा तास कडीपाशी उभी होते. हाताला कळेना काय करायचं. बाकीच्यांना विनवलं. कुणालाच येईना. मंगळवारी सगळ्यांनी तेच दाखवलं होतं. घरात पहिलं दार बायकाच उघडतात ना.

आजही दिवा नाही. सून कशाला लावेल, सासू घरात आहे. आणि त्या बाईला तो येत नाही. तेवढं मी दिलेलं नाही. एक दिवस लेक विचारेलच, आई, दिवा का नाही?

शुक्रवार

तिसरी संध्याकाळ. माझे देव अंधारात, आणि ती बया माझ्या ओट्यापाशी. संताप आवरेना. मन शांत व्हावं म्हणून खिडकीशी उभी राहून मानसपूजा केली. नेहमीसारखीच, डोळे मिटून, हात मनाबरोबर हलवत — वात वळली, तेल घातलं, काडी ओढली, ओवाळलं, हात जोडले.

डोळे उघडले तर ताई मागे.

तिचेही हात जोडलेले.

शनिवार

दिवा लागला.

माझे हात जोडले जात नाहीत. तळवे समोरासमोर येतात आणि —

शिवणवाली नुसती पडून आहे. काल तिच्या तोंडात शिव्या होत्या, आज हसू.

मला हसायचं नाही. राग अजून आहे. राग आणि लिहिणं.

लेका, ही वही तुला मिळाली तर तिच्या हातात पेन दे. मी रोज लिहिते, तुला ठाऊक आहे. तिला येणार नाही. तीच खूण. तिला घराबाहेर काढ, मग इकडे ये, कडी बाहेरून —

ताई येऊन बसली. शेजारीच. वही वाचत नाही. माझ्या बोटांकडे बघते.

थांबायला हवं. पण थांबले तर तुला कळणार कसं, की कडी —

तिची बोटं हलतायत. माझ्याबरोबर. सावकाश. पेन नसताना —

मी घट्ट धरलंय, लेका, अजून घट्ट ध