मामांचा रोलर मी दुरुस्त केला

तीर्थरूप मामा,

इथूनच वाकून नमस्कार करतो. तुमचे पाय लांब आहेत, पण नमस्कार पोचला असं समजावं. मामींनाही तसाच, फक्त जरा जास्त वाकून, कारण मागच्या वेळी निघताना मी त्यांच्या कुंडीवर पाय दिला होता. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आईकडून कळलं. काळा चष्मा लावून घरात बसावं लागतं आणि धुळीत जायला डॉक्टरांनी मनाई केली आहे म्हणे. सगळी नोकरी धुळीत काढलेल्या माणसाला हे किती जड जात असेल, ते मी समजू शकतो. गुडघे कसे आहेत? इकडे आई बरी आहे. तिने मला बजावलं आहे की, मामाला फक्त खुशाली लिही, रोलरबद्दल चकार शब्द काढू नकोस, त्याच्या डोळ्यांना पाणी चालत नाही. म्हणून आधी खुशाली लिहिली. ती इथे संपली.

मामा, तुम्ही रोलर माझ्या हाती सोपवलात तेव्हा तो धडधाकट होता. वयस्कर होता, सकाळी कण्हत-कुथत सुरू व्हायचा, पण एकदा लागला की संध्याकाळपर्यंत त्याची तक्रार नसायची. माझ्याकडे आल्यापासून मात्र त्याने एक नवीनच खोड काढली. किल्ली फिरवली की लगेच सुरू. दांडा पुढे ढकलला की जेमतेम हातभर पुढे सरकायचा आणि गपकन बंद. पुन्हा किल्ली, पुन्हा हातभर, पुन्हा गपकन. मागे मात्र हवा तेवढा जायचा. (हे तेव्हा मला नुसतंच चमत्कारिक वाटलं. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.) शाळेच्या मैदानाचं काम अर्धं व्हायचं होतं. थांबून चालणार नव्हतं, म्हणून मी ते मागे-मागे जात दाबायला लागलो. मान वळवून वळवून इतकी आखडली की घरी जेवतानाही मी भिंतीकडे तोंड करून बसायचो आणि आई माझ्याशी बोलायला भिंतीपाशी येऊन उभी राहायची.

मालकांनी काही काळ हे सहन केलं. मग म्हणाले, “तुझा मामा पुढे बघून काम करायचा रे. तुझं असं काय बिनसलंय?” आणि त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, कलिंगड वाजवून घ्यावं तसा त्याने रोलरचा लोखंडी ड्रम बोटाने वाजवला, आणि आवाज ऐकून त्याचा चेहरा खुलला. ठरलं असं की सोमवारपर्यंत रोलर पुढे-मागे सरळ चालला नाही तर तो भंगारात जाणार, आणि मी पुन्हा खडीच्या घमेल्यांवर. घमेल्यांचं मला काही नाही. पण तुमच्या तळव्यांनी झिजून गुळगुळीत झालेलं ते स्टीअरिंग कुणीतरी घणाने तोडणार, हे काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणून मी ठरवलं की रोलर दुरुस्त करायचा. मामा, तिथेच चुकलं.

आधी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. हे तुमच्यानंतर आलेले, त्यांना आवारात सगळे शॉर्टभाऊ म्हणतात, कारण यंत्राजवळ पोचण्याआधीच ते लांबून “कुठेतरी शॉर्ट आहे” असं सांगतात. त्यांच्यासमोर मी रोलर पुढे नेला, तो गपकन बंद पडला. “शॉर्ट,” ते समाधानाने म्हणाले. मी विचारलं, एकदा तुम्ही वर बसून बघता का? तर म्हणाले, “मी कानाने बघतो. तू चालव.” मग बॅटरीची टर्मिनलं घासली, फ्यूज बदलले, रिले काढून फुंकर मारून परत बसवले. रोलर हातभर पुढे जाऊन थांबला. तेव्हा शॉर्टभाऊंनी सगळ्या वायरी सोडवायला घेतल्या.

तेवढ्यात हायड्रॉलिकचं काम करणारे तेलकाका आले. (‘हायड्रॉलिक’ हा शब्द मी तेलाच्या डब्यावरून बघून लिहिला आहे, तरी चुकला असल्यास क्षमा असावी.) त्यांनी सगळं ऐकलं आणि हसले. “मागे जातोय ना? मग वीज काय फक्त मागच्या बाजूला येते? तेलात हवा धरलीय. पुढे जायच्या बाजूचे पाईप उघडायला लागतील.” शॉर्टभाऊ म्हणाले, “उघडा, उघडा. पेशंट अजून बोलतोय, तोवर आतडी काढून घ्या.” तेलकाका म्हणाले, “तुम्ही त्याच्या शिरा काढल्याच आहेत की!” मी दोघांच्या मध्ये पाने घेऊन उभा होतो आणि दोघेही माझ्याच हातातून पाने ओढून घेत होते. दुपारपर्यंत रोलरच्या एका बाजूला वायरींचं जंजाळ आणि दुसऱ्या बाजूला पाईपांचा ढीग झाला. तेलकाकांनी हात लागलाच आहे तर म्हणून स्टीअरिंग वळवणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या जॅकचे दोन्ही पाईपही काढून ठेवले.

आता माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. शाळा नववीत सुटली, पण अक्षर सुटलं नाही. कुठली वायर कुठून निघाली आणि कुठला पाईप कुठे जायचा, हे कुणाच्याच डोक्यात राहणार नाही, म्हणून मी प्रत्येकाला दोऱ्याने एकेक चिठ्ठी बांधली. ‘हॉर्नच्या बटणाची, मधली.’ ‘ड्रम थरथरवणाऱ्या बटणाची, उजवीकडची.’ ‘स्टीअरिंग, डावा पाईप, वरचं तोंड.’ ऱ्हस्व-दीर्घ तपासून, निळ्या बॉलपेनाने, स्वल्पविरामासकट. तेलकाका कौतुकाने म्हणाले, “पोरा, असं काम मी कुठे बघितलं नाही.” आणि त्यांनी टाकीचा बूच काढला. जुनं तेल भसकन आलं ते थेट चिठ्ठ्यांवर. मग ते पुसायला त्यांनीच रॉकेल ओतलं. माझ्या वेलांट्या, उकार, स्वल्पविराम, सगळं एका निळ्या ओघळातून वाहून गटारात गेलं. चिठ्ठ्या मात्र शाबूत होत्या. प्रत्येक वायरीला नीट गाठ मारून एकेक कोरा, तेलकट कागद बांधलेला होता.

जोडायचं ते अंदाजाने जोडलं. शॉर्टभाऊ म्हणाले, जुन्या यंत्राचं अर्धं काम अंदाजावरच चालतं. कुठल्या अर्ध्याचं, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी किल्ली फिरवली, रोलर सुरू झाला. मी आनंदाने हॉर्न वाजवला तर हॉर्न वाजलाच नाही, अख्खा ड्रम धडधडायला लागला आणि कट्ट्यावरचे चहाचे कप चालत कडेपर्यंत गेले. ड्रम थरथरवायचं बटण दाबलं, तेव्हा हॉर्न वाजला. स्टीअरिंग डावीकडे वळवलं तर रोलर उजवीकडे निघाला. आणि पुढे दांडा ढकलला तर हातभर जाऊन, गपकन बंद. म्हणजे जो बिघाड होता तो तसाच राहिला आणि त्याला सोबत म्हणून दोन नवे मिळाले. (मामी हे मोठ्याने वाचत असतील तर त्यांनी इथे जरा थांबून तुम्हाला पाणी द्यावं.)

पुन्हा सगळं उघडायची माझी छाती होईना. तेलकाका आणि शॉर्टभाऊ तर एकमेकांच्या नावाने बोटं मोडत निघून गेले. मी विचार केला, रोलर सुधारत नाही तर आपणच सुधारावं. उलट्या स्टीअरिंगचा सराव केला. मागे जाताना तसंही डावं-उजवं गोंधळतं, त्यामुळे हे लवकर जमलं. फार चांगलं जमलं. इतकं की घरी जाताना सायकलवर समोर कुत्रं आलं, मी ते चुकवायला गेलो आणि नेमका त्याच्यावरच गेलो. कुत्र्याला काही झालं नाही. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती भंगारवाल्याच्या नजरेपेक्षा वाईट होती.

आणि मग काल मालक म्हणाले, “सरक, मला बघू दे.” ते वर चढले, पाठ टेकून ऐसपैस बसले, दांडा पुढे ढकलला, आणि मामा, रोलर पुढे गेला. हातभर नाही, सरळ मैदानाच्या टोकाकडे. थांबेचना! मला रडू यायला लागलं. त्या भरात स्टीअरिंग उलटं आहे हे सांगायचं राहिलं. समोर साइटचं पत्र्याचं ऑफिस होतं. मालकांनी ते चुकवायला स्टीअरिंग वळवलं, रोलर ऑफिसकडे वळला. त्यांनी आणखी वळवलं, तो आणखी वळला. जितकं वाचवायला जावं तितकं ऑफिस मध्ये येत होतं. लोकांना बाजूला करायला त्यांनी हॉर्न दाबला, तेव्हा ड्रमसकट मालकही थरथरायला लागले. पत्रा चुरगळल्याचा आवाज आला तसे मालक किंचाळून सीटवरून उठले, आणि ते उठल्याबरोबर रोलर गपकन बंद.

सगळं शांत झालं. मालक मटकन बसले. किल्ली फिरवली, मागे घेतला, व्यवस्थित आला. मला शिव्या द्यायला म्हणून ते उठले, पुन्हा बंद. बसले, चालू केला. पुढची शिवी द्यायला उठले, बंद. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी सीट उचलून बघितली. सीटखाली एक छोटा स्विच आहे. वर माणूस नीट बसलेला नसेल तर तो इंजिन बंद करतो, म्हणजे माणूस पडला तरी रोलर एकटा चालत सुटू नये. तो स्विच ठणठणीत आहे. मामा, सबंध रोलरमध्ये कधीच काही बिघडलं नव्हतं. बिघाड माझ्या बसण्यात होता. ड्रमची कड कशावर चढणार तर नाही ना, या काळजीने मी पुढे जाताना सीटच्या अगदी टोकाला येतो, आणि मागे जाताना वळून बघायला पाठ टेकावी लागते, तेव्हाच काय तो पुरता बसतो. जाताना तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होतात, “टेकून बसत जा रे, घाबरू नकोस.” तुम्हाला माझी माया आली असं मला वाटलं. ती पण असेलच. पण मी बसलो असतो तर बरं झालं असतं.

आता टेकून बसतो. रोलर पुढे जातो. पण जिकडे न्यायचा तिकडे जात नाही, आणि मालक म्हणतात, उलट्या यंत्रावर मी माणूस बसवणार नाही, सोमवार म्हणजे सोमवार. कुठला पाईप कुठे, हे माहीत असणारा माणूस आता एकच आहे आणि त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तेव्हा तुम्ही अजिबात येऊ नका. मी हे फक्त मन हलकं करायला लिहिलं. चूक माझी, ती मी भोगीन. औषधं वेळेवर घ्या. मामींना नमस्कार, कुंडीला क्षमायाचना.

तुमचा भाचा (अजून तरी रोलरवर)

ता. क. खरंच येऊ नका. धूळ फार आहे.

ता. क. २. अर्थात मैदानावर पाणी मारून ठेवलं आहे. झाडाखाली सावलीत खुर्चीही ठेवली आहे. आलाच असतात तर रोलरला हात लावायची गरज नव्हती, तुम्ही नुसतं बोट दाखवायचं होतं, पाने मी फिरवले असते. हे आपलं सहज लिहिलं.

ता. क. ३. मामा येतील का, असं मालकांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून “हो, निघालेच आहेत” असं गेलं. त्यामुळे हे पत्र घेऊन जो माणूस तुमच्या दारात उभा आहे तो पोस्टमन नाही, मालकांचा ड्रायव्हर आहे, आणि रस्त्यावर त्यांची जीप आहे. त्याला चहापाण्यासाठी आत बोलावू नका. जीप बंद करू नकोस असं मी त्याला बजावून पाठवलं आहे. चष्मा घालून तसेच चटकन येऊन बसा. परवा चालू होताना तिचा सेल थोडा अडखळत होता, म्हणून तिचं वायरिंग मीच तपासलं आहे.