वाघ, मोरी आणि वरचे काका

बाबा, परवा जेवताना तुमच्या नातवाने विचारलं, वाघ आणि शार्कची मारामारी झाली तर कोण जिंकेल. तुम्ही गेल्यानंतर जन्मलेला हा मुलगा, त्याला हा प्रश्न कोणी दिला असेल? मी पोळी हातात धरून हसत सुटले आणि आई म्हणाली, "घ्या, आलं परत तेच." म्हणून लिहायला बसले.

नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी वरच्या मजल्यावर तुमच्याच ऑफिसातले काका भाड्याने राहायला आले होते, मालवणचे. तुम्ही समुद्र पाहिला नव्हता, त्यांनी जंगल. एवढ्या भांडवलावर तुम्ही दोघं रोज संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून वाद घालायचात. वाघाच्या एका पंजात बैलाची मान मोडते, असं तुमचं म्हणणं. "पाण्यात चालवून दाखवा म्हणावं तो पंजा," काका म्हणायचे. "अन् तुमचा शार्क उमरेडच्या जंगलात येईल का? एसटीनं येईल का टॅक्सीनं?" हे तुमचं उत्तर. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते, म्हणून मला पंच नेमलं. या दोघांची गाठच पडणार नाही, असं मी म्हणाले तर तुम्ही काकांना म्हणालात, "फी भरून हे शिकून राहिली पोरगी."

त्या दिवाळीनंतर काकू गावाहून खारवलेली मोरी घेऊन आल्या. आपल्याकडे मोरी म्हणजे न्हाणीतली, सांडपाण्याची. त्यामुळे "मोरीचं कालवण आणलंय" ऐकून आईचा चेहरा काय झाला होता! तुम्ही मात्र भातावर पुन्हा पुन्हा वाढून घेतलंत. मग काकांनी सांगितलं की हाच तो शार्क, जरा धाकट्या अंगाचा. तुम्ही बोटं चाटत शांतपणे म्हणालात, "मंग झाला ना निकाल. जो भातासंग चांगला लागते, तो कायचा शिकारी गा? वाघाचं कालवण केलं का कोणी?"

काका दुखावले. "तुम्ही स्वतः कधी वाघ पाहिलाय?" त्यांनी विचारलं.

"पाहिला ना."

"कुठे?"

"पिंजऱ्यात."

"पिंजऱ्यातला वाघ म्हणजे रिटायर झालेला साहेब," काका म्हणाले आणि जिना चढून गेले.

दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या आत. एकाच स्कूटरवर ऑफिसला जाणारे तुम्ही वेगवेगळे निघायला लागलात. जेवताना वर काही वाजलं की तुम्ही मान उचलून छताकडे बघायचात, पण वर गेला नाहीत.

तेवढ्यात काकांची रत्नागिरीला बदली निघाली. आईने तुम्हाला विचारलंच नाही. "जायच्या आधी दोघांले जंगलात सोडून येऊ," म्हणाली आणि काकूंशी परस्पर ठरवून उमरेडच्या जंगलाची जीप सांगितली. जीपमध्ये तुम्ही दोघं शेजारीशेजारी, तोंडं दोन दिशांना. ऊन चढलं तरी हरणांशिवाय काही दिसेना. आणि मग बांबूतून वाघीण निघाली, रस्त्यात थांबली, आपल्या जीपकडे एकदा बघून सावकाश पलीकडे गेली.

परतताना चहाच्या टपरीवर काका म्हणाले, "हिच्यापुढे आमचा मासा काहीच नाही हो."

"असं काहून म्हणता? पाण्यात तिचं काय चालते? शार्कच भारी."

"छे, वाघ."

"शार्क म्हणून राहिलो ना मी."

चहा थंड होईपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांची बाजू घेऊन भांडलात. आईने कपाळाला हात लावला. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मालवणला येतो असा शब्द तुम्ही दिला होतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात भलत्याच गावाला निघून गेलात. काका रत्नागिरीहून आले, अंगणात बराच वेळ बसून राहिले. मी चहा नेला तर म्हणाले, "आता माझं म्हणणं खोडणार कोण?"

हे पत्र पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही, तेव्हा एक सांगायला हरकत नाही. ती वाघीण सगळ्यांनी पाहिली, मी नाही पाहिली. मी तुमच्याकडे बघत होते. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आणि एका हाताने काकांची बाही गच्च धरलेली. घरी आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "दिसली ना वं नीट?" मी हो म्हणाले.