मर्लचे पैसे

स्कॉट्सब्लफ, नेब्रास्का
३ फेब्रुवारी २०१९

ती. रूबेनदादास,
सा. न. वि. वि.

तुझं नाताळचं पत्र पोचलं. उत्तराला महिना लावला म्हणून ओरडू नकोस. इथे हाडं गोठवणारी थंडी आहे, आणि मी चालवते ती शाळेची बस पहाटे पाचला उठून तापवावी लागते.

एक काम आहे. मर्ल गेल्यावर साखर कारखान्यातलं त्याचं निवृत्तीचं खातं माझ्या नावावर झालं, हे तुला ठाऊक आहे. सहा वर्षं त्या खात्याच्या हिशेबाची पाकिटं मी न फोडता ड्रॉवरमध्ये टाकत आले. परवा बँकेतल्या पोरीने बोलावून घेतलं. दोन लाख दहा हजार डॉलर झालेत म्हणे. ती म्हणाली, हे करमुक्त खात्यात वळवा. कर आत्ताच भरून टाकायचा, मग पुढे वाढेल ते सगळं तुमचं, तुमच्यामागे मुलीचं. सरकार हात लावणार नाही. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते, त्याने बावीस वर्षं लोकांचे कराचे कागद भरलेत. भाऊ कुठे असतो, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सरकारी जागेत. ती म्हणाली, अरे वा, म्हणजे पेन्शन चांगलं असेल.

मला त्या पैशांची भीती वाटते, दादा. पगाराच्या शुक्रवारी तो पिऊन यायचा, आणि त्याची गाडी वळताना दिसली की मी जोलीनला वर पाठवून आतून कडी लावायला सांगायचे. त्याच शुक्रवारांतून कापलेले हे पैसे आहेत.

जोलीन डेन्व्हरला बरी आहे. ती तुला लिहीत नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

चारशे मैलांनी माया आटत नाही, हे दाखवून दे आणि लवकर लिही.
तुझी,
व्हेल्डा


१७ फेब्रुवारी २०१९

चि. व्हेल्डा हिस,
अ. आ.

पेन्शनचं वाचून इतक्या मोठ्याने हसलो की शेजारच्या कोठडीतल्याने भिंतीवर बूट आपटला. बरं वाटलं. मंगळवारपासून इथे कुणी हसलेलं नव्हतं. जेवणाच्या रांगेत एकाने दुसऱ्याच्या तोंडावर उकळतं पाणी फेकलं. त्यात साखर विरघळवली होती, म्हणजे ते कातडीला चिकटून राहतं. मी दोन माणसं मागे होतो. तो ओरडताना त्याचा गाल हाताला चिकटून येत होता. माझी काळजी करू नकोस, डिसेंबरात मोडलेली बरगडी आता जुळली आहे. एकाचे कोर्टाचे कागद मी भरून दिले, ते दुसऱ्याला आवडलं नाही, इतकंच.

आता तुझं काम. जेवढी रक्कम वळवशील तेवढी त्या वर्षीची तुझी कमाई धरतात आणि तिच्यावर कर लागतो. म्हणून सगळी एकदम वळवू नकोस, चार वर्षांत चार तुकडे कर. कर त्याच खात्यातून कापून देऊ नकोस, बाहेरच्या पैशांतून भर. मर्लचा ट्रक अजून अंगणात असेल तर विक. आणि एकदा वळवलं की मागे फिरता येत नाही. पूर्वी येत होतं, गेल्या वर्षी कायदा बदलला.

पण आधी हे ठरव की पैसे कुणासाठी ठेवायचे. तू स्वतः लवकर खर्च करणार असशील तर वळवून फारसा फायदा नाही. जोलीनसाठी ठेवणार असशील तर वळव.

तब्येतीला जप. म्हाताऱ्या भावावर आहे तेवढा जीव असू दे.
रूबेन


स्कॉट्सब्लफ
६ मे २०१९

ती. रूबेनदादास,
सा. न. वि. वि.

डावा हात प्लास्टरमध्ये आहे म्हणून कागद धरता येत नाही. उजव्या तळव्यावरचे फोड बसले, म्हणून आज लिहायला घेतलं. घाबरू नकोस, जिवंत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, चर्चमधून येऊन मी कोबी भरलेल्या पावांसाठी पीठ मळत होते. सारणासाठी तवा गॅसवर तापत होता. मर्लचा धाकटा भाऊ ड्वेन आला. जोलीनने त्याच्या बायकोला फोनवर बोलता बोलता खात्याचं सांगितलं होतं. त्याने दार वाजवलं नाही, कुऱ्हाडीने फोडलं. आपला म्हातारा कुत्रा भुंकत पुढे गेला, त्याला पहिल्याच घावात कापलं. मग शांतपणे, दम खात म्हणाला, “माझ्या भावाला तुझ्या भावाने मारलं, आणि त्याच्या घामाचे पैसे तू खातेस.”

मी सांगितलं की त्यातला एक सेंट खाल्लेला नाही. त्याने कुऱ्हाड उलटी करून माझ्या हातावर घातली. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. केसांना धरून त्याने मला गॅसशेजारच्या ड्रॉवरपाशी ओढत नेलं आणि कागद काढून सही कर म्हणाला. ते बँकेचे कागद नव्हतेच, नुसती पाकिटं. तो ती फाडत बसला तेव्हा माझा उजवा हात तापलेल्या तव्याला लागला, तो मी उचलला.

पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला. दुसरा कानशिलावर. तिसऱ्याला तो गुडघ्यांवर आला आणि कुत्र्याच्या रक्तात आडवा झाला. मी तवा वर धरलेला होता, दादा. तो हलत नव्हता. कुठे मारलं तर तो पुन्हा उठणार नाही, ते मला दिसत होतं, आणि मला मारायचं होतं. ड्वेनला नव्हे, मर्लला, तीस वर्षांचं एकदम. मग मी तवा सिंकमध्ये ठेवला आणि पोलिसांना फोन केला. ड्वेन जगला. त्याचा एक डोळा गेला.

बँकेतली पोर विचारते आहे, पहिला तुकडा यंदा वळवायचा का. तूच सांग.

आणखी एक. तवा खाली ठेवल्यापासून तू आठवतोस. तुला हातातलं खाली का ठेवता आलं नाही, असं कधी विचारणार नव्हते. विचारून टाकलं.

राग मानू नकोस, लोभ कमी करू नकोस.
व्हेल्डा


१५ मे २०१९

चि. व्हेल्डा हिस,
अ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ड्वेन शिक्षा होऊन इथे येईल की दुसरीकडे, याची चौकशी मी करत नाही, कारण कळलं तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही.

तू विचारलंस, तर सांगतो. इथे पत्रं उघडून वाचतात, ते ठाऊक असून लिहितो.

त्या दिवशी मी आलो तेव्हा मर्लचा गुडघा तुझ्या छातीवर होता आणि दोन्ही हात गळ्यावर. तुझे ओठ निळे पडले होते. माझ्या हातात गाडीचा पान्हा होता. पहिल्या घावाने त्याचे हात सुटले. तिसऱ्याने तो पडला. तेव्हा तू म्हणालीस, “दादा, बस.” कोर्टात मी शपथेवर सांगितलं की मला ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं होतं. त्यानंतरचे आठ घाव मी ऐकून घातले. त्याची कवटी फुटली तेव्हा मला बरं वाटलं. जिन्यात जोलीन उभी होती, तीही दिसली होती, आणि तरी मी थांबलो नाही.

मर्ल तीन घावांत आडवा झाला होता. तू वाचली होतीस. पुढचं सगळं माझं स्वतःचं होतं, तुझ्यासाठी केलेलं नव्हतं.

त्याच्या पैशांबद्दल मी काही सांगावं, हे मला शोभत नाही. बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला परत पाठवलं नव्हतं, तुला पाठवतो. जोलीनला विचार.

नोव्हेंबरात माझ्या मुदतीआधीच्या सुटकेची सुनावणी आहे. तुला यावंसं वाटलं नाही तर मी समजेन.

हे वाचूनही माया उरली तर उरू दे. मागायला तोंड नाही.
रूबेन


स्कॉट्सब्लफ
२९ सप्टेंबर २०१९

ती. रूबेनदादास,
सा. न. वि. वि.

चार महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, हात उचलवत नव्हता.

जोलीन ड्वेनच्या खटल्यापुरती आली आणि पंधरा दिवस राहिली. फळ्यांच्या फटींत रक्त सुकून राहिलं होतं, ते तिने चाकूने खरवडून काढलं. त्याच फळ्यांतलं, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ती एकोणीस वर्षांची होती.

तिला खात्याचं सगळं समजावून सांगितलं, तू सांगितलंस तसं, चार तुकडे वगैरे. तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला त्यातलं काही नको, आई. कर भरून नको आणि बिनकराचंही नको.” ड्वेनच्या बायकोकडे आपणच बोललो, याचं तिला फार लागलं आहे. मी किती समजावलं तरी ते तिच्या मनातून जात नाही.

मग मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. ती ते घेऊन मागच्या पायरीवर बसली. भांडी घासून झाली तरी आत येईना, तेव्हा मी जाऊन शेजारी बसले. ती म्हणाली, “मला वाटायचं, ‘बस’ म्हटलेलं मी एकटीनेच ऐकलं.” सहा वर्षं पोरीने ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी खरंच बस म्हणाले होते की नाही, अशी तिला शंका येऊ लागली होती. मी म्हटलं, म्हणाले होते, आणि तुझ्या मामाने वळून माझ्याकडे पाहिलंही होतं. हे मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

खातं मी वळवलं नाही. बँकेतली पोर हिरमुसली, आकडे मांडून दाखवत होती. तिचं गणित बरोबर आहे, पण ते पैसे मागे ठेवून जाणाऱ्या माणसाचं आहे. मला काही मागे ठेवायचं नाही. दर वर्षी काढीन, होईल तो कर भरीन, आणि खाऊन संपवीन. बस चालवणं जूनमध्येच सोडलं. घर विकायला काढलं आहे. डेन्व्हरला जोलीनच्या गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, पहिल्यांदा काढलेल्या पैशांतून तिथली अनामत भरली.

सुनावणीला आम्ही दोघी येऊ. पत्रातलं तू तिथे स्वतः सांगितलंस तर बहुधा ते तुला सोडणार नाहीत, हे मला कळतं. पण तू नाही सांगितलंस तर जोलीन उभी राहून सांगणार आहे. तिने मला तसं आधीच सांगितलं, मीही तुला आधीच सांगून ठेवते. तिचं म्हणणं, मामाने स्वतः सांगितलं तर त्यानंतर ती त्याला पत्र लिहील.

तुझ्यावर राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही घेऊन येते.
तुझी,
व्हेल्डा