उड्डाणाआधीचे बारा तास

१२ नोव्हेंबर १९४८, चिखली
आठ दिवसांच्या रजेवर घरी आलो. म्हणजे पाठवलं. नागपूरला विमान कंपनीच्या डॉक्टरला माझ्या तोंडाला दारूचा वास आला. कॅप्टननं शेजारच्या सहवैमानिकाच्या सीटवरून मला खाली उतरवलं. म्हणाला, "उद्धव, पुन्हा असं झालं तर लायसन्स जाईल." नियम साधा आहे. उड्डाणाआधी बारा तास एक थेंब नाही. माझं उड्डाण शुक्रवारी, १९ तारखेला, सकाळी सहाला. मी चोवीस तास पाळणार. खरं तर आजपासूनच बंद.

१३ नोव्हेंबर
इथं थंडी फार. दोन बोटं घेतली. उड्डाणाला सहा दिवस आहेत, त्यामुळं नियम मोडलेला नाही.

१४ नोव्हेंबर
बाबांबरोबर बाजारात गेलो. ज्याला त्याला सांगतात, "माह्यं पोरगं इमान चालवते." अर्जुनराव अडत्यानं विचारलं, वर भेव लागते का? नाही म्हणालो. खरंच आहे. वर नाही लागत.
संध्याकाळी घेतली. फार नाही.

१६ नोव्हेंबर
माझ्या बायकोनं, पद्मजानं, विचारलं, "दिवाळीले सुट्टी नव्हती, मंग आता काऊन भेटली?" इंजिन दुरुस्तीला आहे म्हणालो. तिनं माझ्या दाढीच्या सामानातली बाटली काढून समोर ठेवली. "मी नाही फेकत. तुमच्याच हातानं सांडा."
परसात गेलो. अर्धी सांडली. उरलेली खोकल्यासाठी ठेवली. तिनं दारातून पाहिलं आणि आत जाऊन पीठ मळायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर, शेगाव स्टेशन, दुपारी साडेचार
सकाळच्या मोटारीनं निघालो. पद्मजा अड्ड्यापर्यंत आली. म्हणाली, "नोकरी गेली तं जाऊ द्या. पर तुमच्या मांगं एकवीस माणसं बसतात. त्यायच्या घरी बी कोणी वाट पाह्यते." कालपासून बंद आहे, असं तिला सांगितलं. जवळजवळ खरं आहे. सकाळी फक्त खोकल्यापुरती.
चोवीस तासांचं जमलं नाही. बारा तर कंपनीचेच आहेत.
गाडी दोन तास लेट.

५.३५
सहाला बारा तास सुरू होतात. बाटली पिशवीत राहिली तर नंतर मोह होणार. म्हणजे ती सहाच्या आत संपवणं हेच शिस्तीचं.

५.५२
संपली. आठ मिनिटं हातात राखून. इतक्या काटेकोरपणे नियम मी आजवर पाळला नव्हता.

१९ नोव्हेंबर, नागपूर, दुपारी दोन
पहाटे पाचला डॉक्टरपुढं उभा राहिलो. शेवटचा घोट पाच बावन्नला, हे स्वतःहून सांगितलं. मनगट पुढं करून घड्याळही दाखवलं. तो म्हणाला, "घड्याळ राहू दे. बोटं पसर." पसरली. मग आम्ही दोघंही त्या बोटांकडे पाहत राहिलो.
विमान वेळेवर गेलं. माझ्या जागी दुसरा बसला.
लायसन्स जमा केल्याच्या कागदावर सही हवी होती. दोनदा प्रयत्न केला. अक्षर वळेना. कॅप्टन खिडकीबाहेर बघत होता. शेवटी कारकुनानं शाईचा पॅड आणला आणि हळूच म्हणाला, "साहेब, अंगठा सैल सोडा, मी धरतो."
पद्मजाला तार करायची आहे. मजकूर सुचत नाही.
आता उड्डाणच नाही, म्हणजे नियमही लागू नाही. थोडी घेतली. अक्षर छान येतंय.