विकत आणलेला पाळणा

आये, घरातली सगळी दुपारची झोपली आहेत आणि मी गच्चीवर पाळण्याशेजारी बसून तुला लिहितो आहे. तुला अक्षरओळख नव्हती, म्हणून तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. फौजेतून वडिलांची यायची ती मीच तुला वाचून दाखवायचो आणि मधली रागाची वाक्यं गाळायचो. आता हे तुला वाचून दाखवणारं कुणी नाही. तरी लिहितो, कारण पाळण्याबद्दल बोलावं असं तुझ्याशिवाय मला दुसरं माणूस नाही.

माझी पोरगी बाळंतपणाला साताऱ्याला आपल्या घरी आली आहे. तिला मुलगी झाली आणि उद्या बारसं आहे. तिचं पहिलं बाळ जन्मलं आणि डोळे नीट उघडायच्या आतच गेलं, हे तुला सांगायचं राहिलं होतं. त्यानंतर पोरगी हसायची, पण ओठांपुरतीच. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिनं ते आम्हाला कितीतरी उशिरा सांगितलं, आणि सांगताना म्हणाली, "कुणाला बोलू नका एवढ्यात."

त्याच सुमारास मी एका लग्नाला सांगलीला गेलो होतो. जेवण झाल्यावर पाय मोकळे करायला निघालो, तर जुन्या फर्निचरच्या एका दुकानाबाहेर मोडक्या कपाटांच्या राशीवर हा पाळणा पालथा पडलेला. गुलाबी रंग पोपडे धरून सुटलेला, एक दांडी गायब, कड्या गंजलेल्या. दुकानदार म्हणाला, "वरचा रंग बगू नगा, आतनं सागवान हाय." मी चारी बाजू खोलून घेतल्या, सुतळीनं बांधल्या आणि एसटीच्या डिकीत घालून साताऱ्याला आणल्या. बायकोनं दारातच कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, येडं का खुळं तुमी? पाळणा कुणी इकत आणतंय व्हय? ज्या घरात लेकरं जगली-वाढली तितनं मागून आणायचा, आन काम झालं की आत नारळ ठिवून माघारी द्याचा. चांगला पाळणा ह्या घरातनं त्या घरात हिंडत आसतो. त्यो दुकानात कसा यील? दुकानात आला म्हंजी कुणी त्यो माघारी घेतला न्हाई!"

मी चारी बाजू उचलून जिन्याकडे वळलो. एरवी मी तिला एकाचे चार शब्द ऐकवतो, पण तिचं बोलणं खरं होतं, आणि ते किती खरं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला आपल्या धाकटीबद्दल, माझ्या पाठच्या बहिणीबद्दल, कधी सांगितलेलं नाही.

धाकटी झाली तेव्हा तू वरच्या आळीतल्या म्हातारीचा पाळणा मागून आणला होतास. तिचं गोकुळ भरलेलं होतं, अख्खं गाव तिच्याकडूनच पाळणा न्यायचं. धाकटी दात यायच्या आधीच तापानं गेली. वडील सीमेवर, त्यांना तार गेली की नाही तेही मला आठवत नाही. मला आठवतं ते पुढचं. तू विहिरीवर पाळणा घासून धुते आहेस. उन्हात वाळवून आत जोंधळे आणि नारळ ठेवते आहेस. चुंबळ करून तो डोक्यावर घेतेस आणि मी तुझ्यामागून चालतो आहे. म्हातारी उंबऱ्याच्या आतच उभी आहे, बाहेर येत नाही.

"मामी, तुमचा पाळणा आणलाय."

"ऱ्हाऊ दे बाई तुज्यापशीच. माज्या सुना पोटुशी हायत्या."

ती वाईट बाई नव्हती. बोलताना पदरानं डोळे पुसत होती. पण हात काही पुढं आला नाही. तू "बरं" म्हणालीस आणि तसाच पाळणा घेऊन वळलीस. वाटेत मला एवढंच म्हणालीस, "सावलीतनं चाल रं." त्यानंतर तुला कुणी बारशाला बोलावलं नाही. तू कुंची शिवून माझ्या हातानं पाठवायचीस आणि आपल्या दारात उभी राहून बायकांची गाणी ऐकायचीस.

थंडीत एक मेंढी विऊन मेली, तेव्हा तू तिचं कोकरू घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून त्याच पाळण्यात घातलंस. आत्या ओरडली, वडिलांना सांगते म्हणाली. तू ऐकलं नाहीस. कोकरू जगलं, वाढलं, शिंगं मारायला लागलं. तू त्याला चारताना एकदा म्हणालीस, "बग, जगलं न्हवं? लाकडाला काय ठावं आसतंय?" आत्या म्हणाली, "मेंढराचं येगळं, माणसाचं येगळं." तू कोकराला आणखी मूठभर पाला घातलास.

तर हा सांगलीचा पाळणा मी गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवला आणि जमेल तसा घासत राहिलो. कारखान्यात जन्मभर लेथवर लोखंड कातलं, त्यामुळे लाकडाला हात कसा लावायचा ते मला येत नव्हतं. पहिल्या दिवशी पॉलिश पेपर आडवा मारून चरे पाडून ठेवले. पुढं कळलं, लाकडाच्या रेषेनं चालावं लागतं. गुलाबी रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा. पाळण्याला नवा रंग देतात तो घरात कुणी येणार असेल तेव्हाच. म्हणजे कुणीतरी पुन्हा पुन्हा आशेनं ब्रश हातात घेतला होता, आणि ते सगळं मी खरवडून पत्र्याच्या डब्यात भरत होतो. हिरव्याखाली वरच्या काठावर बारीक बारीक खाचा दिसल्या. दात येताना लेकरं चावतात तशा. मी बायकोला बोलावून दाखवल्या. म्हटलं, बघ, ह्यात दात आलेलं लेकरू होतं.

"उंदरानं कुरतडलं आसंल," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

मी त्या खाचांवरून पेपर फिरवला नाही. गेलेली दांडी नवी करून बसवली, कड्या बदलल्या, लाखेचं पॉलिश दिलं. झोका बघायचा होता, पण रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून वरवंटा धडुत्यात गुंडाळून आत निजवला आणि हळूच ढकलला. वजन तेवढंच वाटलं, धाकटीएवढं.

आज सकाळी बायको वर आली. पाळण्याभोवती फिरली, काठावरून बोट फिरवलं. म्हणाली, "झालाय लय देखना. पर खरं सांगा, कुणाच्या घरचा ते इचारलंतं का न्हाई? न्हाईतर मी शेजारनं मागून आणती, तुमी रागवा न्हाईतर रुसा." तिच्यामागं जिन्यात पोरगी बाळाला घेऊन उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काय होतं ते तुलाच कळलं असतं.

"इचारलं की," मी म्हणालो. "कुंडल गावाकडचा हाय. पाच लेकरं वाढली ह्यात. धाकटा मिल्ट्रीत हाय आता. नव्या घरात जागा न्हाई म्हणून इकला."

"मग आदी सांगाय काय झालंतं?" बायको करवादली आणि पाळण्याला हात लावून नमस्कार करून मोकळी झाली. पोरगीनं बाळ तिच्याकडे दिलं, जवळ आली आणि पहिल्यांदाच त्या लाकडावर हात ठेवला. बराच वेळ तिनं तो काढला नाही. उद्या बाळ ह्यातच निजेल. तुझ्या हातानं निजायला हवं होतं ते, आये. माझी फार इच्छा होती.

हा कागद बायकोच्या हाती लागायला नको, म्हणून खाली जायच्या आधी मी तो फाडून टाकणार आहे. तेव्हा तुला खरं सांगतो. दुकानदार आपणहून सांगायला लागला होता, "ह्यो पाळणा म्हंजी..." आणि मी त्याला मधेच थांबवलं. म्हटलं, ऱ्हाऊ दे, बांध तू. त्यानं सांगितलं असतं आणि ते वाईट निघालं असतं, तर मीही तो तिथंच टाकून साताऱ्याची गाडी धरली असती. तुझा पोरगा असून.